खारेपाटातलं भात आणि जनुकांचं दप्तर: जैवतंत्रज्ञानाने गरिबी कशी आणि किती कमी होते?

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी दिल्लीत भाताच्या दोन नव्या वाणांची घोषणा केली. एक 'डीआरआर धान १००', म्हणजेच 'कमला'. दुसरा 'पुसा डीएसटी राइस १'. जनुकसंपादन या तंत्राने तयार झालेले हे देशातले पहिले भाताचे वाण. बातमी दोन दिवस चालली. कुणी म्हणालं, आता शेतकऱ्याचं दैन्य फिटलं. कुणी म्हणालं, आता बियाणं पूर्णपणे कंपन्यांच्या घशात गेलं.

पेण, अलिबाग, उरणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, किंवा रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खाडीकाठी ज्यांची शेती आहे, त्यांनी यातल्या दुसऱ्या वाणाची बातमी नीट वाचायला हवी. हा वाण खाऱ्या जमिनीत तग धरतो असं भारतीय कृषी संशोधन परिषदेचं म्हणणं आहे. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या जमिनीत त्याचं उत्पादन मूळ वाणापेक्षा ३०.३६ टक्के जास्त आल्याचं परिषदेने सांगितलं. ज्या राज्यांसाठी हे वाण सुचवले आहेत, त्यांत महाराष्ट्र आहे.

जैवतंत्रज्ञान गरिबाच्या कामाचं आहे का, हा प्रश्न यातून थेट आपल्या बांधावर येतो. माझं मत असं आहे की ते कामाचं होऊ शकतं, पण दोन अटींवर. त्याने वाईट वर्षाचा फटका कमी व्हायला हवा आणि बी शेतकऱ्याच्या हातात राहायला हवं. या अटी कुठून आल्या ते समजायला आधी चिखलात उतरावं लागेल.

खारं पाणी शेतात काय करतं?

कोकणात खाडीलगतची बरीच शेतजमीन भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली आहे. बांधाला उघाड्या, म्हणजे झडपेची दारं असतात. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जातं, भरतीला झडप बंद होऊन खाडीचं पाणी अडतं. तरीही माती खारीच राहते. उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी वर चढून उडून जातं आणि मीठ मागे राहतं. काही शेतांत मे महिन्यात ते पांढऱ्या थरासारखं डोळ्यांना दिसतं. जून-जुलैचा पाऊस हे मीठ धुऊन काढतो, मग भात लावायचं किंवा रहू, म्हणजे मोड आलेलं बी, टाकायचा.

अडचण येते ती पावसाने दडी मारली की. ऊन पडतं, मीठ पुन्हा मुळांपाशी चढतं. बांधाला खांड पडली किंवा उघाडीची झडप निकामी झाली, तर एका भरतीत खाडीचं पाणी शेतात येतं. भाताचं रोप मिठाला सर्वांत जास्त कच खातं ते दोन वेळा: कोवळं असताना आणि फुलोऱ्यात. पाण्याबरोबर सोडियम रोपात शिरतं, पानांची टोकं करपतात, लोंबीत दाणे भरत नाहीत. सगळा खर्च केलेला असतो आणि हातात पळंजच येतं.

हे आपल्या पूर्वजांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून खाडीकाठी 'राता' भात होतं. काळा राता, भुरा राता हे लाल तांदळाचे वाण खारं पाणी सोसायचे. उत्पादन कमी, पण अगदी वाईट वर्षातही घरात पेजेपुरतं यायचं. पनवेलला खार जमिनींसाठी भात संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं. तिथे तयार झालेल्या 'पनवेल १' या वाणाचं एक पालक भुरा राता आहे आणि दुसरं फिलिपिन्सहून आलेलं बुटकं, भरपूर पिकणारं 'आयआर ८'. खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या राखलेला गुण आणि जगातल्या संशोधनाचा गुण असा एका दाण्यात आला.

जनुक म्हणजे काय, आणि तिथे नेमकं काय करतात?

प्रत्येक पेशीत त्या सजीवाची संपूर्ण माहिती लिहिलेली असते. गावच्या तलाठ्याकडे जसं दप्तर असतं, तसंच समजा. दप्तरात एकेक सातबारा, तसं पेशीत एकेक जनुक. कुठलं जनुक दाण्याचा रंग ठरवतं, कुठलं उंची, कुठलं मिठाशी कसं वागायचं ते. भाताचं हे दप्तर सुमारे ४० कोटी अक्षरांचं आहे. ते नीट वाचून झालं २००५ मध्ये, आणि त्या आंतरराष्ट्रीय कामात भारतीय शास्त्रज्ञांचा वाटा होता.

सजीवांचा, त्यांच्या पेशींचा किंवा जनुकांचा वापर करून उपयोगी वस्तू किंवा वाण तयार करणं म्हणजे जैवतंत्रज्ञान. बियाण्याच्या बाबतीत त्याचे तीन प्रकार लक्षात ठेवले तरी बातम्यांमधला बराच गोंधळ संपतो.

पहिला प्रकार फक्त वाचण्याचा. दोन वाणांचा संकर केला की दोन गावांची दप्तरं एकमेकांत मिसळतात आणि प्रत्येक रोपाला वेगळी भेसळ मिळते. पूर्वी हवा तो गुण कुठल्या रोपात उतरला हे पाहायला ते वाढवून, मिठात घालून, जगतंय का ते बघावं लागे. आता पानाचा तुकडा घेऊन तो उतारा दप्तरात आहे की नाही, हे प्रयोगशाळेत तपासता येतं. शेतात जाऊन मोजणी करण्याआधीच कागद बघितल्यासारखं. यात बाहेरचं काहीच घालत नाहीत. केरळच्या पोक्काळी या खाडीतल्या भाताकडून 'सॉल्टॉल' नावाचा मीठ सोसण्याचा भाग इतर वाणांत आणला गेला तो असा. तो मिळालेलं रोप सोडियम खोडातून पानांकडे जाण्याआधी वाटेतच काढून घेतं.

दुसरा प्रकार जनुकांतरणाचा, ज्याला आपण 'जीएम' म्हणतो. यात भलत्याच गावचा उतारा आणून आपल्या दप्तरात लावतात. बीटी कपाशीतलं बोंडअळीला मारणारं प्रथिन तयार करणारं जनुक मातीतल्या एका जिवाणूचं आहे. कपाशीच्या नातेवाइकांत ते कुठेच नव्हतं.

तिसरा प्रकार जनुकसंपादनाचा. इथे बाहेरचा उतारा ठेवत नाहीत. आपल्याच दप्तरातल्या एका नोंदीवर नेमकेपणाने जाऊन काही अक्षरं खोडतात, म्हणजे ती नोंद रद्द होते. त्यासाठी वापरतात ते 'क्रिस्पर' हे तंत्र, ज्याबद्दल एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. 'पुसा डीएसटी राइस १' मध्ये 'एमटीयू १०१०' या चांगल्या पिकणाऱ्या वाणातलं डीएसटी नावाचं एक जनुक असं बंद केलं आहे. हे जनुक चालू असताना पानावरची रंध्रं जास्त उघडी राहतात. ते बंद पडलं की पानातून पाणी कमी उडतं आणि पाण्याबरोबर वर चढणारं मीठही कमी होतं. 'कमला'मध्ये सांबा मसुरी या वाणातलं वेगळं जनुक बंद केलं आहे, त्यामुळे लोंबीला दाणे जास्त धरतात.

तेव्हा बातमीत 'जनुक' हा शब्द दिसला की आधी पाहायचं: नुसतं वाचलंय, खोडलंय की बाहेरून आणलंय?

मग यातून गरिबी कमी कशी होते?

'जास्त पिकलं की जास्त पैसे' हे उत्तर सगळ्यांना सुचतं. ते अपुरं आहे. सगळ्यांचंच जास्त पिकलं तर भाव पडतो, आणि ज्याच्याकडे जमीन जास्त त्याचा फायदाही जास्त. गरिबाचं दुखणं बहुतेकदा एका वाईट वर्षात असतं. त्या वर्षी पीक गेलं की दागिना गहाण पडतो, मुलाची शाळा सुटते, घरातला एक जण मुंबईला हॉटेलात कामाला लागतो. पुढची चार वर्षं बरी गेली तरी ती खोट भरत नाही.

याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला पुरावा ओडिशातला आहे. तिथे पूर्वीपासून 'एफआर १३ए' नावाचं एक स्थानिक भात होतं, पुरात बुडूनही जगणारं. साधं भात बुडालं की पाण्याबाहेर डोकं काढायला धडपडतं, सगळी साठवण खर्च करून उंच वाढतं आणि आठवडाभरात मरतं. हे भात मात्र वाढ थांबवून गप्प बसतं आणि पाणी ओसरलं की पुन्हा फुटतं. हा गुण देणारं 'सब १ए' हे जनुक २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी ओळखलं. मग पहिल्या प्रकारच्या तंत्राने, म्हणजे नुसतं वाचून निवडत, ते 'स्वर्णा' या लोकप्रिय वाणात आणलं. 'स्वर्णा-सब १' भारतात २००९ मध्ये प्रसारित झालं. दोन आठवडे पाण्याखाली राहूनही ते पीक देतं.

पुढे ओडिशाच्या गावांमध्ये अर्थशास्त्रज्ञांनी काही शेतकऱ्यांना हे बी देऊन, काहींना न देता, दोघांची तुलना केली. त्यातून दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे याचा फायदा अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांना जास्त होणार, कारण सखल, पुराच्या जमिनी त्यांच्याच वाट्याला आलेल्या होत्या. जुन्या अन्यायाने जिथे ढकललं, तिथेच हे बी कामाला येत होतं. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. पीक बुडणार नाही असा भरवसा आल्यावर त्या शेतकऱ्यांनी चांगल्या वर्षीही जास्त खत घातलं, जास्त क्षेत्र लावलं, शेतीसाठी कर्ज काढायचं धाडस केलं. आधी ते आळशी किंवा अडाणी होते म्हणून खर्च करत नव्हते असं नव्हतं. बुडणाऱ्या शेतात पैसा घालणं त्यांना परवडत नव्हतं.

खारेपाटालाही हेच लागू आहे. बांध कधी फुटेल सांगता येत नाही, म्हणून माणूस शेतात जेमतेम खर्च करतो, म्हणून चांगल्या वर्षीही जेमतेम पिकतं. शेवटी कंटाळून शेत ओसाड पडतं आणि विकत घ्यायला कुणीतरी तयारच असतं.

३० टक्के म्हणजे हातात किती?

टक्केवारी ऐकायला मोठी वाटते, म्हणून हिशेब करून बघू. समजा एकाची २० गुंठे खार जमीन आहे आणि मिठाच्या वर्षी त्यात ५ क्विंटल भात येतं. ३० टक्के वाढ म्हणजे दीड क्विंटल. २०२५-२६ साठी साध्या भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये होती, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास. किंवा भरडून जवळपास एक क्विंटल तांदूळ. घरात रोज सव्वा किलो शिजत असेल तर ८० दिवसांचा.

साडेतीन हजारांनी कुणाची गरिबी हटत नाही, आणि तसं सांगणाऱ्याचं ऐकू नये. पण भाद्रपदात गणपतीच्या खर्चानंतर दुकानातून उधारीवर तांदूळ आणणाऱ्या घराला ८० दिवसांचं मोल विचारा. शिवाय ३०.३६ हा चाचणीच्या शेतातला आकडा आहे. या दोन वाणांच्या चाचण्यांच्या आकडेवारीवर काही संघटनांनी जाहीर आक्षेप घेतले आहेत, परिषदेने ते फेटाळले आहेत. मला वाटतं, चाचणीची सगळी माहिती केंद्रवार लोकांसमोर मांडावी. सार्वजनिक पैशांतून झालेल्या कामाचा हिशेब उघडा असला की भरवसाही वाढतो. आणि खारेपाटातल्या शेतकऱ्याला शेवटी पाहायचं आहे ते हेच की पेणच्या मातीत, आपल्या पावसात, पनवेलच्या वाणांशेजारी लावल्यावर हे नवं भात किती देतं.

'पण विदर्भात काय झालं ते विसरलात का?'

हा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि तो यायलाच हवा. बीटी कपाशीला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. सुरुवातीला अमेरिकन बोंडअळी आटोक्यात आली, फवारण्या घटल्या, उत्पादन वाढलं. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली आणि फवारण्या परत आल्या. २०१७ मध्ये यवतमाळला कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतमजूर आणि शेतकरी मेले.

यात तंत्राचा दोष किती आणि व्यवस्थेचा किती, हे वेगळं करायला हवं. आपल्याकडे बीटी आलं ते जवळपास पूर्णपणे संकरित बियाण्यातून. संकरित बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं, कारण घरी राखलेल्या बियाण्यात पुढच्या वर्षी गुण टिकत नाही. हे बंधन बीटी जनुकामुळे आलेलं नाही, संकरित असण्यामुळे आलेलं आहे. त्यातून बियाण्याचा खर्च वाढला, तंत्राचं शुल्क कंपनीकडे गेलं, आणि कोरडवाहू शेतकऱ्याने कर्ज काढून लावलेलं पीक पावसाने मारलं तर कुठलंच जनुक वाचवू शकत नव्हतं. म्हणजे खर्च वाढला पण वाईट वर्षाचा धोका तसाच राहिला. मी सुरुवातीला सांगितलेल्या दोन्ही अटी इथे मोडल्या.

आता बांगलादेशातल्या वांग्याकडे पाहा. शेंडे आणि फळ पोखरणाऱ्या अळीला न जुमानणारं बीटी वांगं आपल्याच जालन्याच्या महिको कंपनीच्या तंत्रातून आलं. भारतात त्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आली. बांगलादेशने २०१३ मध्ये परवानगी दिली आणि तिथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने स्थानिक सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांत ते आणलं. शेतकरी ते बी घरी राखू शकतो. तिथल्या पाहण्यांमध्ये कीटकनाशकांचा वापर बराच घटलेला आणि उत्पन्न वाढलेलं दिसलं. वांग्यावर आठवड्यात दोन-दोनदा फवारणी करणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांसाठी ही साधी गोष्ट नाही.

कपाशीत आणि वांग्यात तंत्र एकाच जातीचं. बी कुणाच्या हातात आहे, एवढ्याने परिणाम वेगळा झाला.

भाताचं बी कुणाचं राहणार?

भात स्वपरागी पीक आहे, म्हणजे त्याचं फूल बहुधा स्वतःच्याच परागकणांनी फळतं, म्हणून सरळ वाणाचं बी घरच्या कणगीतून पुन्हा पेरता येतं. कायदाही शेतकऱ्याच्या बाजूने आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ प्रमाणे संरक्षित वाणाचंही बी शेतकरी राखू शकतो, पेरू शकतो, बदलू शकतो, विकूही शकतो. फक्त ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही.

गाठ आहे ती पेटंटमध्ये. क्रिस्पर तंत्रावर परदेशी विद्यापीठांची, संस्थांची आणि कंपन्यांची पेटंटं आहेत. प्रयोगशाळेतल्या संशोधनाला त्याची फारशी आडकाठी होत नाही. बी बाजारात न्यायचं म्हटलं की परवान्याचा प्रश्न येतो. सरकार कोणत्या अटींवर हा परवाना घेणार आणि त्याचा भार बियाण्याच्या किमतीवर पडणार नाही ना, हे शेतकरी संघटनांनी आजच विचारायला हवं. यावरचा दुसरा मार्ग आपल्याच शास्त्रज्ञांनी शोधायला घेतला आहे. कटकच्या भात संशोधन संस्थेत 'टीएनपीबी' नावाच्या लहानशा प्रथिनाचा वापर करून जनुकसंपादनाचं देशी साधन तयार झालं आहे. असं काम कुणी टाळ्या वाजवाव्या म्हणून होत नाही, पण खारेपाटातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मला ते नव्या वाणाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आणखी एका गोष्टीचं वाईट वाटतं. एफआर १३ए ओडिशाच्या शेतकऱ्यांनी राखलं, पोक्काळी केरळच्या, राता आपल्या खाडीकाठच्या. हे गुण शेतकऱ्यांनी, विशेषतः बी निवडून ठेवणाऱ्या बायकांनी, शेकडो वर्षं सांभाळले. त्यांची नावं कुठल्याच वाणावर नाहीत. कोकणातले राता, वालय, सोरटी, पाटणी हे वाण जपणं म्हणजे जुन्या आठवणी जपणं एवढंच नाही. उद्याच्या वाणांसाठी लागणारे उतारे त्यांच्यातच आहेत, आणि एकदा ते बी गेलं की कुठलीही प्रयोगशाळा ते पुन्हा लिहून देऊ शकणार नाही.

'हे खाणं सुरक्षित आहे का?'

माणसाच्या आरोग्याच्या बाजूने पाहिलं तर, जनुकसंपादित भातात बाहेरचं जनुक राहत नाही. असा एखादा बदल निसर्गातही आपोआप होऊ शकतो. या कारणाने केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये अशा वाणांना जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली. मात्र बाहेरचं काही उरलेलं नाही हे दाखवून द्यावं लागतं. ज्यांना जनुकांतरित वस्तूचीच भीती वाटते त्यांच्यासाठी एक गोष्ट: मधुमेहींना टोचलं जाणारं मानवी इन्सुलिन १९८२ पासून जनुकांतरित सूक्ष्मजीवांकडूनच बनवलं जातं.

पर्यावरणाचा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. भारत हे भाताच्या विविधतेचं घर आहे. आपल्या डबक्यांत, ओहोळांत रानटी देवभात वाढतं, आणि लागवडीच्या भाताचे परागकण त्यावर पडू शकतात. मीठ सोसण्याचा गुण रानटी भातात गेला तर ते खार शेतात तण म्हणून माजेल का, हे तपासायलाच हवं. नियमांतून सूट दिली म्हणून ही पाहणी टाळू नये.

माकडं, मजुरी आणि फुटलेला बांध

खाडीकाठी कुणालाही विचारा, शेती का सोडली? उत्तर क्वचितच 'वाण चांगला नव्हता' असं येईल. लावणीला माणूस मिळत नाही. माकडं आणि रानडुकरं ठेवत नाहीत. तुकडे इतके लहान की यंत्र वळत नाही. भावकीच्या वाटण्या अडकल्या आहेत. आणि बांध. राज्यात १९७९ पासून खारभूमी विकासाचा कायदा आहे, बांध आणि उघाड्यांची जबाबदारी घेणारं सरकारी खातं आहे, तरी किती ठिकाणी खांडी वर्षानुवर्षं उघड्या आहेत आणि शेतात कांदळवन उभं राहिलं आहे ते सगळ्यांना दिसतं. मीठ सोसणारं बी थोडं मीठ सोसतं. रोज दोन वेळा भरती आत येणाऱ्या शेतात ते जगणार नाही. 'आता नवं बी आलंय, बांध कशाला?' असं कुणी म्हणू लागलं तर ते बी गरिबाच्या मुळावर उठेल.

जमिनीचा प्रश्नही तसाच. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, उपासमार सोसली. तेव्हा त्यांच्याकडे पिकणारं बी नव्हतं म्हणून ते उपाशी नव्हते. पिकलेलं खोताकडे जात होतं. आजही जो दुसऱ्याची जमीन अर्धेलीने करतो आणि ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही, त्याला पीकविमा नाही, नुकसानभरपाई नाही, अनुदानाचं बी नाही.

चांगल्या वाणाबरोबर इतर आधारही मिळाला की काय होतं, हे कोकणाने एकदा अनुभवलं आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूचे चांगले वाण निवडले आणि त्यांची कलमं मोठ्या संख्येने बांधता येऊ लागली. कलम म्हणजे एका उत्तम झाडाची हुबेहूब नक्कल. प्रयोगशाळेतलं तंत्र नव्हे, पण सजीवाचा गुण जसाच्या तसा दुसऱ्याच्या अंगणात नेणारंच. एवढ्याने फार काही झालं नसतं. १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आली, आणि लहान शेतकऱ्याला कलमाचे पैसे मिळाले, शिवाय स्वतःच्याच वरकस जमिनीत खड्डे मारायची मजुरीही मिळाली. झाड धरेपर्यंतची पहिली वर्षं, जी गरिबाला परवडत नाहीत, ती योजनेने उचलून धरली. आज सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत काजूवर चालणारी असंख्य घरं आहेत. जमीनच नव्हती त्यांना मात्र फक्त मजुरी मिळाली, आणि कच्च्या बियांचा भाव अजूनही बागायतदाराच्या हातात नाही.

शेताबाहेर: आजारपणाचा खड्डा

गरिबीचा दुसरा मोठा दरवाजा दवाखान्याचा. इथे जैवतंत्रज्ञानाने भारतात निर्विवाद काम केलं आहे. हेपॅटायटिस बीची लस पूर्वी परदेशातून यायची, एका मात्रेला शेकडो रुपये पडायचे. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने विषाणूच्या आवरणाचं जनुक यीस्टमध्ये घालून लस इथेच बनवली आणि किंमत कोसळली. आज ती सरकारी लसीकरणात बाळांना फुकट मिळते.

आपल्याकडे काम बाकी आहे ते माकडतापाचं. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आणि पुढच्या वर्षी बांदा परिसरात ही साथ आली. गोचिडीच्या चाव्यातून पसरणारा हा ताप नेमका काजूच्या हंगामात येतो, आणि बागेत बिया वेचणाऱ्यालाच गाठतो. विषाणू १९५७ मध्येच पुण्याच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कर्नाटकातल्या साथीत ओळखला होता. इतक्या वर्षांत जुन्या लसीचा पुरेसा उपयोग झाला नाही आणि अजून औषध नाही. हा आजार श्रीमंत देशांत नाही, म्हणून मोठ्या कंपन्यांना त्यात बाजार दिसत नाही. कोविडमध्ये घरोघरी माहीत झालेली पीसीआर चाचणी विषाणूच्या दप्तरातली नोंद वाचूनच निदान करते. ती चाचणी तालुक्याच्या जवळ उपलब्ध असणं आणि माकडतापाची चांगली लस सरकारी पैशांतून होणं, यावर कोकणातल्या आमदार-खासदारांनी सभागृहात बोलत राहायला हवं.

हे बी गावात कधी येणार?

घोषणा झाली म्हणजे दुकानात बी आलं असं नाही. आधी पैदासकार बियाणं, त्यातून पायाभूत, त्यातून प्रमाणित, अशा पायऱ्यांनी थोड्या किलोंचे हजारो क्विंटल व्हावे लागतात, आणि त्याला काही हंगाम जातात. परवान्याचा प्रश्न सुटेपर्यंत त्यात भर पडेल. तोवर कुणी 'जनुकसंपादित खारं भात' म्हणून पिशवी विकायला आलं तर प्रमाणीकरणाचा टॅग मागावा, नसेल तर घेऊ नये.

आत्ता हाताशी आहे ते पनवेलचं केंद्र आणि त्याचे खार जमिनींचे वाण. मे महिन्यात शेतातली माती तपासून क्षारता किती आहे ते पाहून घ्या, कारण कमी क्षारतेच्या शेतात साधा सुधारित वाणही जास्त पिकतो आणि मीठ सोसणाऱ्या वाणाची गरज नसते. ज्यांच्याकडे अजून राताचं बी आहे त्यांनी एक वाफा तरी दरवर्षी लावावा आणि विद्यापीठाला कळवावं. आणि उघाडीच्या झडपेची तक्रार पावसाआधी, लेखी, गावातल्या सगळ्यांच्या सह्यांनी खारभूमी विभागाकडे द्यावी, पोच घेऊन.